आंबटगोडाची खतावणी

इतिहासाचा आणि माझा संबंध दहावीला संपला. पुढे मी कॉमर्सला गेलो, आणि कॉमर्सवाल्याचा इतिहास म्हणजे ताळेबंदात चालू वर्षाच्या शेजारी छापलेले मागील वर्षाचे आकडे. त्याच्या मागे जग होतं की नव्हतं याची चौकशी ऑडिटरही करत नाहीत. त्यामुळे मी इतिहासावर लेख लिहितो आहे हे कळल्यावर आमच्या शाखेतल्या पासिंग ऑफिसरांनी चष्मा कपाळावर चढवला आणि विचारलं, ‘‘शिवकाल की पेशवाई?’’

मी म्हणालो, ‘‘सॅलड ड्रेसिंग.’’

त्यांनी चष्मा परत खाली घेतला आणि मुकाट्याने माझं व्हाउचर पास केलं. गेल्या बारा वर्षांत त्यांनी न विचारता पास केलेलं ते माझं पहिलं व्हाउचर.

झालं असं, की पावसाळ्याच्या तोंडाशी माझे रक्ताचे रिपोर्ट आले. साखर सरहद्दीवर आणि कोलेस्टेरॉल सरहद्द ओलांडून पलीकडच्या मुलखात. डॉक्टरांनी फर्मावलं, रोज जेवणाआधी वाडगाभर कच्च्या भाज्या. आमच्या सौभाग्यवतींना डॉक्टरांचं वाक्य म्हणजे रिझर्व्ह बँकेचं परिपत्रक. दुसऱ्याच दिवशी माझ्यासमोर काकडी, गाजर, कोबी आणि मुळा असा ऐवज आला. त्याला ना फोडणी, ना कूट. समोर ठेवताना ‘घ्या’ म्हणण्याऐवजी तिने ‘हैय्या’ म्हटलं असतं तरी चालून गेलं असतं.

पण खरी काळजी माझ्या वाडग्याची नव्हती. त्याच पावसाळ्यात आमच्या आईला ताप आला. आठ दिवसांत ताप गेला, पण जाताना तोंडाची चव घेऊन गेला. आई अठ्ठ्याहत्तर वर्षांची. तिच्या हातचं खाऊन आम्ही तीन भावंडं आणि बिल्डिंगमधले निम्मे लोक वाढलो. तीच आता मऊ भाताचे दोन घास खायची आणि ताट सरकवायची. ‘‘कागद चघळल्यासारखं लागतं रे,’’ म्हणायची. बायकोने मेतकूट झालं, टोमॅटोचं सार झालं, जुनं मुरलेलं लिंबाचं लोणचं झालं, सगळं करून पाहिलं. काटा शेहेचाळीस किलोंवरून त्रेचाळीसवर आला आणि मग एकेचाळीसवर. बँकेत शिल्लक अशी उतरायला लागली की आम्ही खातेदाराला पत्र पाठवतो. इथे पत्र कुणाला पाठवायचं?

अशात आमच्या कन्येने मॉलमधून एक बाटली आणली. बाटलीवर मधमाशी, मोहरीचं फूल आणि दोनशे पंच्याहत्तर रुपये. आतलं पिवळसर द्रव्य माझ्या काकडीवर ओतून म्हणाली, ‘‘बाबा, आता खा.’’ मी खाल्लं. आंबट होतं, गोड होतं, जरा नाकातही गेलं. शेजारच्या खाटेवरून आईने विचारलं, ‘‘काय आहे ते?’’ कन्येने चमच्याच्या टोकावर एक थेंब दिला. आईने जीभ टाळ्याला लावली, थोडा वेळ गप्प राहिली आणि म्हणाली, ‘‘काहीतरी लागतंय खरं.’’

तीन महिन्यांत पहिल्यांदा काहीतरी लागत होतं. त्या रात्री तिने त्या थेंबांच्या जोरावर चार घास जास्त खाल्ले. आठवड्यात बाटली संपली. मी ती रिकामी बाटली घेऊन डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी मागचं बारीक टायपातलं लेबल वाचलं. साखर किती, मीठ किती, टिकवण्याची रसायनं किती. आईला रक्तदाबाच्या गोळ्या चालू आहेत. ते म्हणाले, ‘‘कल्पना चांगली आहे, पण ही बाटली नको. घरी करा.’’

आता बाटलीवर लिहिलं होतं तेल, व्हिनेगर, साखर, मध, मोहरी. म्हणजे हिशेब उघड होता, मालाची यादी समोर होती. बी.कॉम. माणसाला आणखी काय हवं? रविवारी सकाळी मी स्वयंपाकघराचा ताबा घेतला. आईने आतून विचारलं, ‘‘काय चाललंय?’’

‘‘ड्रेसिंग करतोय.’’

‘‘अग बाई! कुणाला लागलं?’’

लागलं कुणालाच नव्हतं, पण लागायची वेळ आली होती. मी भांड्यात तेल ओतलं, व्हिनेगर ओतलं, मध घातला आणि ढवळलं. ढवळत होतो तोवर सगळं एकजीव. चमचा थांबला, की एका संयुक्त खात्यातले दोन भाऊ वेगळे व्हावेत तसं तेल वर आणि व्हिनेगर खाली, आणि मध तळाशी जाऊन बसलेला, कुणाच्याच बाजूने नसलेला. मी रवीने घुसळलं. तेल दहा मिनिटं शरमलं आणि पुन्हा वर आलं.

मग मी इतिहासाकडे वळलो. माणूस हरला की इतिहासाकडे वळतो, हे मी आमच्या युनियनच्या सभांमध्ये पाहिलं आहे.

वाचनालयातली पुस्तकं आणि कन्येचा संगणक यांच्यावर मी तीन रविवार काढले. पहिलाच शोध असा लागला, की सॅलड आणि सॅलरी ही सख्खी चुलत भावंडं आहेत. लॅटिनमध्ये मिठाला ‘साल’ म्हणतात. मीठ लावलेला पाला तो सॅलड, आणि पगाराचा शब्दही त्याच मिठातून निघाला. रोमन शिपायांना पगारच मिठाच्या रूपात मिळायचा अशी एक गोष्ट सांगतात, पण त्याचं व्हाउचर कुणाला सापडलेलं नाही. तेव्हा मी तिला खात्याला लावत नाही. माझा पगार मात्र मीठभाकरीपुरता आहे, आणि त्याला व्हाउचर आहे. व्हिनेगर हा शब्द फ्रेंचांचा. ‘व्हँ’ म्हणजे वाइन आणि ‘एग्र’ म्हणजे आंबट. आंबून गेलेली दारू. आमच्या घरात वर्षानुवर्षं देवाच्या फळीखालच्या कपाटात दारूचा हा वंशज मुक्कामाला होता, हे मी आईला अजून सांगितलेलं नाही.

या आंबटात गोड कालवायची अक्कल मला वाटलं होतं तशी कुठल्या अमेरिकन कंपनीची नाही. रोममध्ये केटो नावाचा एक म्हातारा होऊन गेला. इसवी सनापूर्वी २३४ साली जन्मला आणि १४९ साली वारला. कार्थेज नष्ट केलं पाहिजे असा त्याचा घोशा होता, एवढं मला माहीत होतं. पण याच गृहस्थाने शेतीवर एक पुस्तक लिहिलं आणि त्यात कोबीची एवढी स्तुती केली आहे, की कोबीलाही संकोच वाटावा. कोबी चिरा, धुवा, कोरडा करा, मीठ आणि व्हिनेगर लावून खा, याहून आरोग्याला चांगलं काही नाही असं त्याचं मत. आणि लगेच पुढे तो म्हणतो, की जरा आवडीने खाल्ला जावा असं वाटत असेल तर मध घातलेलं व्हिनेगर शिंपडा. बघा! कार्थेजच्या बाबतीत तसूभर न हलणारा माणूस कोबीच्या बाबतीत मात्र तडजोडीला तयार. त्यालाही कुणी कच्चा वाडगा दिला असावा.

ग्रीकांकडे हे मिश्रण औषधाच्या कपाटात होतं. मध आणि व्हिनेगर मिळून ‘ऑक्सिमेल’. हिपोक्रेटिसच्या नावावर असलेल्या ग्रंथांत, तापाच्या आणि छातीच्या दुखण्यात ते कसं द्यावं, कफ कसा सुटतो, याची तपशीलवार चर्चा आहे. हे वाचलं तेव्हा रात्रीचे अकरा वाजले होते आणि आतल्या खोलीत आई खोकत होती. अडीच हजार वर्षांपूर्वीचा तो वैद्य तापकऱ्याच्या तोंडाशी आंबटगोड चमचा धरून बसलेला मला स्पष्ट दिसला.

ग्रीकांकडून ते इराणात आणि अरबांत पोचलं, की इराणातून ग्रीकांकडे, या भांडणात मी पडत नाही. इराणी लोक त्याला ‘सिकंजबीन’ म्हणतात. ‘सिर्के’ म्हणजे व्हिनेगर आणि ‘अंगबीन’ म्हणजे मध. या सिर्केवर मी अडकलो. आमची आजी व्हिनेगरला ‘शिरका’ म्हणायची! म्हणजे माल नंतर आला असेल, पण नाव आमच्या खतावणीत केव्हाच चढलेलं होतं. उत्तरेत लिंबाच्या सरबताला शिकंजी म्हणतात, तेही याच घराण्यातलं. इब्न सिना हा थोर वैद्य सन ९८० मध्ये जन्मला आणि १०३७ मध्ये वारला. त्याने या सिकंजबीनवर स्वतंत्र पुस्तिका लिहिली. आणि इराणात आजही, नवरोजनंतरच्या तेराव्या दिवशी लोक घराबाहेर पडतात, हिरवळीवर सतरंज्या पसरतात आणि लेट्यूसची कोवळी पानं पुदिना घातलेल्या सिकंजबीनमध्ये बुडवून खातात. म्हणजे हीच ती बाटली. फक्त मधमाशीचं चित्र नाही आणि दोनशे पंच्याहत्तर रुपये नाहीत.

इंग्रजांची गोष्ट ऐका. गर्व्हेस मार्कम नावाच्या लेखकाने १६१५ साली गृहिणींसाठी पुस्तक काढलं. त्यात साध्या सॅलडवर व्हिनेगर, तेल आणि साखर घालायला सांगितलं आहे. समारंभाच्या सॅलडात तर बदाम, मनुका, अंजीर असा रुखवत. पुढे १६९९ मध्ये जॉन एव्हलिन याने नुसत्या सॅलडवर अख्खा ग्रंथ लिहिला, ‘असेटारिया’. हा रोजनिशी लिहिणारा प्रसिद्ध एव्हलिन, रॉयल सोसायटीच्या संस्थापकांपैकी एक. तेव्हा तो ऐंशीच्या उंबरठ्यावर होता, आमच्या आईच्या वयाचा. आणि स्वभावही तोच. तेल कसलं हवं, व्हिनेगर कसलं हवं, सुरी पोलादाची नको चांदीची हवी, वाडगा चिनी मातीचा हवा कारण आंबटाने धातू कळकतो. शेवटचा मुद्दा आईने मला पितळेच्या पातेल्यात दही ठेवल्याबद्दल सहावीत शिकवला होता, थोड्या वेगळ्या शब्दांत आणि पाठीवर. एव्हलिनचं प्रमाण तीन भाग तेल आणि एक भाग आंबट, मग मीठ, मोहरी, उकडलेल्या अंड्याचा बलक. पण साखरेवर त्याचा दात. साखर आता नाजूक जिभेच्या लोकांखेरीज सगळ्यांनी टाकून दिली आहे, असं तो फटकारतो. म्हणजे मार्कम ते एव्हलिन या चौऱ्याऐंशी वर्षांत इंग्रजांच्या वाडग्यातून साखर वजा झाली. कोल्हापूर आणि पुणे यांच्यात आमटीतल्या गुळावरून जो वाद आहे, तो इंग्रजांनी तीनशे वर्षांपूर्वी घालून संपवला होता.

या सगळ्या मंडळींत माझा लाडका मात्र द’अल्बिन्याक. ब्रिया-सावरँ या फ्रेंच न्यायाधीशाने १८२५ साली खाण्यावर जे गाजलेलं पुस्तक लिहिलं, त्यात याची हकिकत आहे. फ्रेंच राज्यक्रांतीत हा सरदार लंडनला पळाला. खिशात काही नाही. एकदा एका खाणावळीत जेवताना शेजारच्या टेबलावरच्या श्रीमंत तरुणांनी विनंती केली, की तुम्ही फ्रेंच लोक सॅलडात वाकबगार, आम्हाला कालवून द्याल का? याने कालवून दिलं आणि स्वतःची कर्मकहाणीही सांगितली. त्यांनी पाच पौंडांची नोट पुढे केली. याने फारसे आढेवेढे न घेता ती घेतली. मग एका बड्या घरून बोलावणं, तिथून दुसऱ्या. वेळेवर पोचायला गाडी घेतली, मागे नोकर, नोकराच्या हातात महोगनीची पेटी. पेटीत नाना वासांची व्हिनेगरं, तेलं, सोया, अँकोव्ही मासळी, केचप, अंड्याचा बलक. पुढे तशा पेट्याच तयार करून शेकड्यांनी विकल्या. परिस्थिती निवळल्यावर ऐंशी हजारांहून जास्त फ्रँक गाठीला बांधून गडी मायदेशी परतला.

आणि आता कॉमर्सवाल्यांनी कान टवकारावेत. त्यातले साठ हजार त्याने सरकारी रोख्यांत घातले. रोखे तेव्हा पन्नासवर होते. म्हणजे शंभराचा कागद पन्नासाला आणि व्याज शंभरावर! उरलेल्या वीस हजारांत गावाकडे घर आणि जमीन. मी बावीस वर्षं लोकांच्या मुदतठेवींच्या पावत्या लिहितो आहे, पण काकडी कालवून एवढी नेटकी गुंतवणूक केलेला दुसरा खातेदार पाहिलेला नाही. हा मजकूर मी सौ.ला वाचून दाखवला. ती म्हणाली, ‘‘त्याचं तेल वर येत नसणार.’’

अमेरिकेचं थोडक्यात उरकतो. फ्रान्समध्ये या ड्रेसिंगात साखर नाही. तेच अमेरिकेत जाऊन लाल आणि गोड झालं आणि त्याला नाव पडलं ‘फ्रेंच’. तिथल्या सरकारने १९५० साली फ्रेंच ड्रेसिंग कशाला म्हणावं याचा कायदेशीर नियमच केला. वजनाने किमान ३५ टक्के तेल हवं, वगैरे. उत्पादकांच्या संघटनेने १९९८ मध्ये अर्ज दिला, की नियमाची आता गरज नाही, तो काढा. नियम निघाला २०२२ च्या जानेवारीत. चोवीस वर्षं! सॅलडच्या तेलाचा कागद चोवीस वर्षं कुठल्यातरी टेबलावर होता. हे वाचून मला अमेरिकेबद्दल पहिल्यांदाच आपलेपणा वाटला. माझ्या एका बदलीच्या अर्जाला सातच वर्षं लागली होती, आणि मी उगाच चिडत होतो.

तर इतकं वाचूनही तेल वर येतच होतं. एव्हलिनची यादी पुन्हा पाहिली तेव्हा ध्यानात आलं, की मी मोहरी गाळली होती. बाटलीवर मोहरीचं फूल होतं ते मी शोभेचं समजलो होतो. मोहरीची पूड तेलाच्या बारीक थेंबांभोवती जाऊन बसते आणि त्यांना एकमेकांत मिसळू देत नाही, म्हणून तेल आणि आंबट निदान जेवण होईपर्यंत तरी एकत्र नांदतात. मध्यस्थ लागतो, हे मला बावीस वर्षांच्या नोकरीत कळायला हवं होतं.

चौथ्या रविवारी मी मोहरी मिक्सरमधून काढली, तिच्यावर थेट व्हिनेगर ओतलं, तेलाची धार धरून घुसळलं. यावेळी द्रव्य खरंच एकजीव झालं. दाट, पिवळं, बाटलीतल्यासारखं. बशीत दोन काकडीच्या चकत्या घेऊन विजयी मुद्रेने आईपुढे गेलो. तिने चाखलं आणि तोंड वाकडं केलं.

‘‘मोहरी मेलीय.’’

‘‘म्हणजे?’’

‘‘नाकात जात नाही. तू आंबट आधी घातलंस.’’

मी चमकलो. न बघता कसं कळलं? ती उशीला टेकून बसली आणि म्हणाली, ‘‘मोहरी आधी गार पाण्यात फेसायची. फेस धरेपर्यंत. मग दहा मिनिटं तिला तिच्या मनाने राहू द्यायची. मग आंबट. आधी आंबट घातलंस तर ती चढतच नाही. गरम पाणी तर अजिबात नको.’’

नंतर मी पुस्तकात तपासलं. मोहरीच्या दाण्यात तिखटपणा तयार नसतो. दाणा कुटून पाण्यात भिजला, की आतलं एक पाचक द्रव्य जागं होतं आणि मग झणका तयार करतं. आंबट किंवा उकळतं पाणी लगेच पडलं तर ते काम करेनासं होतं. आईचं शिक्षण जुनी सातवी.

‘‘आणि हे कसलं पाणी घातलंस, वास येतोय,’’ ती म्हणाली. ‘‘घरात चिंच नाही का?’’

चिंच होती. या चिंचेचाही इतिहास मी वाचला होता. मूळची आफ्रिकेची, पण इथे इतकी रुळली की अरबांनी तिला ‘तमर हिंदी’, म्हणजे हिंदुस्थानचा खजूर, म्हणून टाकलं, आणि त्यावरून इंग्रजांचं टॅमरिंड. हे सगळं आईला सांगावं म्हणून मी तोंड उघडलं, तर ती खाटेवर नव्हती. भिंतीला हात लावत ती स्वयंपाकघराच्या दाराशी पोचली होती. सौ. धावली, मी धावलो. तिने दोघांनाही हाताने बाजूला केलं आणि स्टुलावर बसली. तीन महिन्यांनी.

मग हुकूम सुटले. चिंच कोमट पाण्यात. गूळ पिवळा नको, काळपट. पाटा नाही तर नाही, तो छोटा खलबत्ता दे. मोहरी तिने स्वतः फेसली. हात थरथरत होते, बत्ता दोनदा खलाच्या काठावर आपटला, पण कुणाला हात लावू दिला नाही. दहा मिनिटं भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत सगळे गप्प. मग चिंचेचा कोळ, गूळ, चिमूटभर मीठ. मी मीठ बघून डॉक्टरांचं नाव घेतलं. ‘‘त्यांना पण वाटीभर दे,’’ ती म्हणाली. तेल चमचाभर, मागाहून, धारेने. काकडी चोचवून, वर दाण्याचं कूट, मिरचीचा एक तुकडा.

मी तो वाडगा पाहत होतो आणि माझ्यातला कारकून मुकाट्याने नोंद करत होता. काकडी तेवढी इथली. शेंगदाणा दक्षिण अमेरिकेचा, मिरची अमेरिका खंडातून पोर्तुगीजांबरोबर आलेली, चिंच आफ्रिकेची. आमच्या शाखेसारखंच. स्थानिक एक, बाकी सगळे बदलीवर आलेले आणि इथेच कायम झालेले.

आईने एक घास घेतला. तिच्या डोळ्यांत पाणी आलं. सौ. घाबरली. आई नाकाला पदर लावून म्हणाली, ‘‘चढली!’’ आणि मग आम्ही बघत असताना वाडगा संपवला. संध्याकाळी पुन्हा मागितला, बरोबर पोळीचा चतकोर. मागच्या गुरुवारी काटा साडेत्रेचाळीस किलो दाखवत होता. काट्यात फरक असेल म्हणून मी स्वतः चढून पाहिलं. काट्यात फरक नाही, एवढंच सांगतो.

आता तो कोळ आम्ही दोन-दोन दिवसांचा करतो आणि मधमाशीच्या त्या रिकाम्या बाटलीत भरून फ्रीजच्या दारात ठेवतो. परवा पुण्याहून भाचा आला होता. संगणकवाला आहे, कंपनीने दोन वर्षं अमेरिकेला ठेवलं होतं, तेव्हापासून जेवताना आधी पाला मागतो. त्याने बाटली उपडी केली, खाल्लं, डोळे पुसले आणि विचारलं, ‘‘मामा, हा ब्रँड इथे मिळतो? मला तिकडेसुद्धा असा मिळाला नाही.’’

मी सांगणार होतो. पण आईने माझ्याकडे बघून डोळे मोठे केले आणि त्याच्या वाडग्यात आणखी एक चमचा ओतत म्हणाली, ‘‘महाग आहे हो तो. पुरवून खा.’’